चारशे बारा डॉलर

१२ फेब्रुवारी, रविवार

ही वही मुळात वजनकाट्यांच्या तपासणीच्या नोंदींसाठी छापलेली आहे. कंपनीत एक जादा उरली, ती मी घरी आणली. नियम कामावरचेच ठेवते. शाईनं लिहायचं. खोडायचं नाही. चूक झाली तर त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी आद्याक्षरं व तारीख टाकायची, म्हणजे खालचं चुकलेलं वाचता येतं.

आज लग्नानंतरचं पहिलं कराचं विवरणपत्र भरून पाठवलं. संयुक्त. सप्टेंबरात लग्न झालं, पण कराच्या दृष्टीनं आम्ही एक जानेवारीपासूनच नवराबायको धरले जातो.

परतावा ३,८४६ डॉलर येणार.

यात एक गोष्ट मला कळत नाही. आम्ही दोघं अविवाहित असतो, तर मला १९ डॉलर परत मिळाले असते आणि वेसला ३,४१५. माझ्या पगारातून कर नेमका कापला जातो, कारण तो आकडा मी दर जानेवारीत बसवून देते. वेस मुद्दाम जास्त कापायला सांगतो. तो हिवाळाभर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ सारणारा ट्रक चालवतो आणि उन्हाळ्यात डांबराच्या कामावर असतो. त्याच्या मते पैसे हातात दिसले की उडतात, म्हणून ते सरकारकडे लपवून ठेवायचे. सरकार व्याज देत नाही हे मी त्याला दोनदा सांगून पाहिलं.

तर १९ आणि ३,४१५ मिळून ३,४३४. येणार आहेत ३,८४६. फरक ४१२. हे ४१२ डॉलर आम्ही लग्न केलं म्हणूनच आले. ते माझ्या जास्त पगारामुळे की त्याच्या कमी पगारामुळे, हे सांगता येत नाही. एकट्यानं राहून ते दोघांनाही मिळाले नसते. मग ते कुणाचे? सूचनांची सगळी पानं वाचली. त्यात याचं उत्तर नाही.

पैसे जमा करायला माझ्या खात्याचा नंबर दिला. तो एकच मला पाठ आहे.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

वेसनं चॉकलेटं आणली, गाडीत गोठून दगड झालेली. ती वितळेपर्यंत मी त्याला परताव्याच्या विभागणीचं विचारलं.

तो म्हणाला, अर्धे अर्धे.

मी तीन पद्धती मांडून ठेवल्या होत्या. पहिली, ज्यानं जितका जादा कर भरला तितका त्याला: माझे १९, आणि ४१२ चा प्रश्न तसाच. दुसरी, ज्याच्या पगारातून जितका कर कापला त्या प्रमाणात: माझे १,९५२. तिसरी, मिळकतीच्या प्रमाणात: माझे २,४१२. म्हणजे एकाच बायकोचा वाटा १९ पासून २,४१२ पर्यंत. आमच्या कामात एवढा फरक दाखवणाऱ्या काट्याला लाल चिठ्ठी लावून तो बंद करतात.

"आणि तुला यातली कुठली पटते?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, अजून ठरलं नाही.

"मग ठरेपर्यंत अर्धे अर्धे." त्यानं कागद उलटा करून त्यावर चॉकलेटं मांडली.

त्याला सॉनाची, म्हणजे वाफ घेत बसायच्या लाकडी खोलीची, भट्टी हवी आहे. मागच्या अंगणातला सॉना त्याच्या वडिलांनी बांधला, त्याची भट्टी दिवाळखोर झाली आहे, म्हणजे तडकली आहे. हा शब्द वेसचा. नवी भट्टी वेल्डरकडे सांगून ठेवली आहे, अकराशे डॉलर. त्याच्या वाट्यातून ती सहज येईल. तो वाटा किती ते मात्र मी ठरवायचं, असं दिसतं.

२० फेब्रुवारी, सोमवार

रिपब्लिक गावच्या लाकडाच्या वखारीत ट्रक तोलायचा काटा तपासला. उणे बारा फॅरनहाइट. दर दहा मिनिटांनी वजनांच्या तळाचा बर्फ खरवडावा लागत होता. जेवणाच्या सुट्टीत गॉर्डीला विचारलं. गॉर्डी माझ्याबरोबर लोखंडी वजनांचा ट्रक चालवतो, अठ्ठावन्न वर्षांचा आहे, लग्नाला तेहेतीस वर्षं झाली.

त्यांच्याकडे परतावा सगळा बायकोचा. कारण फॉर्म ती भरते.

"आणि तुम्ही भरला तर?"

"तेहेतीस वर्षांत तेवढी हिंमत झाली नाही, पोरी."

गॉर्डीच्या बहिणीकडे वेगळी पद्धत आहे. ज्याचा दात जास्त किडलेला, त्याला पैसे. गेल्या वर्षी दोघांनी एकाच दिवशी जबडे उघडून शेजाऱ्याला पंच नेमलं होतं.

या पद्धतींना आधार काहीच नाही. तरी त्यांची भांडणं होत नाहीत. याचं कारण मला सापडलेलं नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार

वेसच्या आईकडे जेवण. मार्लीन त्याच रस्त्यावर चार घरं सोडून राहतात. मी आत शिरल्यावर त्या दर वेळी म्हणतात, "आली का पुलाखालची." मिशिगनचे दोन भाग एका लांब पुलानं जोडलेले आहेत; आम्ही राहतो तो वरचा, खालचा पुलाच्या दक्षिणेला, आणि मी तिकडची, हॉलंड गावची. इथल्या लोकांच्या मते पुलाखाली गोष्टीतले राक्षस राहतात. पहिल्यांदा मी हसले होते. आता नुसती कोट काढते.

त्यांचा दुसरा विषय माझं आडनाव. मी ते बदललेलं नाही. आज म्हणाल्या, "सरकारनं तुम्हाला एकत्र धरलं तरी कसं? त्यांना वाटलं असेल, दोघं भाडेकरू आहेत."

वेस म्हणाला, "आई, बटाटे दे."

परताव्याचं मी काढलं नव्हतं, वेसनं काढलं. मार्लीन उठल्या आणि फ्रीजवरचा लाल रंगाचा कॉफीचा डबा दाखवला. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्यानं, रेनोनं, सगळ्या परताव्याची मोटरबोटीची मोटर आणली, न विचारता. बोट नव्हती. तेव्हापासून नियम झाला. चेक वटवून रोख डब्यात टाकायची आणि दोघं स्वयंपाकघरात असतील तेव्हाच डबा उघडायचा. एक जण असेल तर झाकणाला हात लावायचा नाही.

रेनो पाच वर्षांपूर्वी गेले. डब्यात २१२ डॉलर आहेत.

मी विचारलं की ते बँकेत का टाकत नाही. मार्लीननी विचारलं, कॉफी आणखी हवी का.

४ मार्च, शनिवार

लान्सिंगहून पत्र आलं. ठेवून दिलं.

(नोंद अपुरी आहे. लान्सिंग ही राज्याची राजधानी, तिथल्या मापनशाळेत जागा आहे. तिथे वजनांचीच वजनं तपासतात. माझ्या ट्रकमधली वजनं दोन वर्षांनी एकदा तिथेच जातात. नोव्हेंबरात अर्ज केला होता, जानेवारीत कामाच्या निमित्तानं जाऊन मुलाखत दिली. त्यांना मी हवी आहे. उत्तर तीस एप्रिलच्या आत. इथून चारशे मैल.)

वेसला अजून सांगितलं नाही. परताव्याचं मिटलं की सांगेन. दोन विषय एकात मिसळायला नकोत. पाकीट टोस्टरच्या मागं आहे.

६ मार्च, सोमवार

एकवीस दिवसांत परतावा जमा होतो असं म्हणतात. आज बाविसावा.

वेस संध्याकाळी सोळा तासांची पाळी करून आला. टोस्ट केला, उभ्यानंच खाल्ला. मग मला विचारलं, पुलाखाली साधारण किती बर्फ पडतो, हंगामाला.

मी म्हटलं, आमच्या हॉलंडला मोठ्या सरोवरामुळे बराच, आत लान्सिंगकडे पन्नासेक इंच.

"पन्नास," तो म्हणाला. "म्हणजे आमचा डिसेंबर." आणि झोपला.

आम्हाला दोनशेच्या पुढे पडतो. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. असं अचानक का विचारलं, कळलं नाही.

१२ मार्च, रविवार

वेसनं माझ्या गाडीचे बर्फाचे टायर काढून साधे घातले. तेल बदललं. ब्रेक नवे बसवले. वायपरसुद्धा.

बाहेर दोन फूट बर्फ आहे. एरवी तो मेच्या आधी टायरला हात लावू देत नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, लांब जायचं झालं तर बर्फाचे टायर वाया झिजतात.

"लांब कुठं?"

"तू सांगशील तिथं."

दुपारभर विचार केला. मी जावं असं त्याला वाटतंय, असा याचा अर्थ होऊ शकतो. पण त्याला काही माहीत नाही. त्यामुळे तो अर्थ निघत नाही. दुसरा अर्थ मला सुचला नाही.

सोमवारी टेकडीवर गाडी घसरली. लागलं नाही. (ही ओळ मंगळवारी लिहिली.)

१८ मार्च, शनिवार

करखात्याचं पत्र. बँकेनं पैसे परत पाठवले. परतावा दोन नावांचा आहे आणि मी दिलेल्या खात्यावर नाव एकच, माझं, त्यामुळे माझ्या बँकेनं तो घेतला नाही. आता कागदी चेक येईल, दोन्ही नावांचा. चार ते सहा आठवडे.

सूचना पुन्हा काढून वाचल्या. चौऱ्याहत्तराव्या पानावर लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलं होतं, त्यावर माझी पेन्सिलीची खूण आहे. एक परतावा तीन खात्यांत वाटून घ्यायचा वेगळा फॉर्मही असतो, तोही मी पाहिला होता.

वेसला पत्र दाखवलं. रागावेल असं वाटलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं, सरकारी भाषेतलं काहीही आपल्याला दोनदा वाचावं लागतं असं तो म्हणतो.

"म्हणजे तुझ्या बँकेला माहीत नाही तुझं लग्न झालंय?"

मी म्हटलं, कळवायचं राहिलं.

"हं," तो म्हणाला, आणि पत्र घडी करून माझ्या हातात दिलं. त्यानंतर गॅरेजमध्ये गेला. तिथे काही काम नव्हतं.

२३ मार्च, गुरुवार

वेस नसताना त्याच्यासाठी फोन. ५१७ नं सुरू होणारा नंबर. बाई म्हणाली, वेस्लीला सांगा की लायसन्सची मागची बाजू नीट दिसत नाही, परत पाठवायला हवी. ५१७ म्हणजे लान्सिंग, आणि लायसन्सचं खातं तिथेच आहे, त्यामुळे यात विशेष काही नाही. अवजड ट्रकच्या लायसन्सचं नूतनीकरण असावं.

संध्याकाळी निरोप दिला. वेसचे कान लाल झाले. आणखी काय म्हणाली, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, एवढंच. लायसन्सची मुदत कधी संपते, असं मी विचारलं.

"दोन वर्षांनी," तो म्हणाला, आणि मग घाईनं, "म्हणजे, तपासून बघतो."

३० मार्च, गुरुवार

त्यानं भट्टी रद्द केली. मला वेल्डरकडून कळलं, किराणा दुकानात, दुकानदाराच्या काट्यावर मी वजनं ठेवत असताना. वेल्डर म्हणाला, पत्रा कापून ठेवला होता, आता त्याचं काय करू.

घरी आल्यावर विचारलं. परतावा उशिरा येणार म्हणून रद्द केली असेल तर मी अकराशे आत्ता देते, असं म्हटलं. चेक आला की त्याच्या वाट्यातून वळते करता येतील. कुठलीही पद्धत धरली तरी त्याचा वाटा १,४३४ च्या खाली जात नाही.

"नको."

"पण तुला ती हवी होती."

"हवी होती. चार महिन्यांसाठी अकराशेची भट्टी कशाला?"

मी म्हटलं, सॉना बारा महिने लागतो. गेल्या वर्षी आम्ही एकोणपन्नास शनिवार वापरला.

तो म्हणाला, "ब्रेना, तू कधीकधी काट्याकडे बघतेस आणि ट्रककडे बघतच नाहीस."

मी विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, काही नाही, जेवू या. पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, गरम केल्या. त्यानं स्वतःच्या पेस्टीचा कडेचा खरपूस भाग नेहमीप्रमाणे माझ्या ताटात ठेवला. म्हणजे रागावलेला नाही. पण बोलला नाही. दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

९ एप्रिल, रविवार

लान्सिंगला उत्तर द्यायला एकवीस दिवस उरले. तीन मसुदे केले. एक होकाराचा, एक नकाराचा, एक मुदत मागणारा. तिन्ही बरोबर वाटतात.

मी जाणार म्हणते तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं ते लिहून पाहिलं. प्रयोगशाळा येते, अडुसष्ट अंश फॅरनहाइट कायम तापमान, काचेमागचा काटा. एक खोलीचं घर येतं. त्यात एक कप. वेस त्या चित्रात नाही. मी त्याला काढलेला नाही, तो मुळात तिथे ठेवलाच नव्हता. हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं. याचं काय करायचं ते कळत नाही.

१२ एप्रिल, बुधवार

चेक आला. हिरवट कागद. वर माझं नाव, कारण फॉर्म मी भरला, त्याखाली त्याचं. ब्रेना जे. व्हँडरवीन आणि वेस्ली आर. लाहती. मध्ये 'आणि' आहे, 'किंवा' नाही. दोघांनी सही केल्याशिवाय वटणार नाही.

वेसनं तो उजेडात धरून पाहिला. "सरकारला तर आपण एकत्र दिसतो," तो म्हणाला.

१५ एप्रिल, शनिवार

वेसच्या बँकेत गेलो. माझी बँक पुलाखाली आहे. खिडकीवर मेलव्हा नावाची बाई होती, वेसच्या शाळेतली. तिनं चेक पाहून सांगितलं की माझ्या खात्यात जाणार नाही, त्याच्याही नाही, दोघांचं मिळून खातं उघडा, दहा मिनिटांचं काम.

"सात महिने झाले आणि अजून उघडलं नाही?" ती वेसला म्हणाली. "कशाची वाट बघत होतास, बर्फ वितळायची?"

"विभागणी ठरत नव्हती," वेस म्हणाला.

फॉर्म त्यानंच भरायला घेतला. तो मोठ्या अक्षरांत, जीभ दातांत धरून लिहितो. नाव, जन्मतारीख. मग पेन थांबलं. मान वर न करता त्यानं विचारलं,

"पत्ता हाच लिहू, की लान्सिंगचा?"

मेलव्हा शिक्का शोधत होती. माझ्या हातात माझं लायसन्स होतं. त्यावरचा पत्ता मी वाचला, जसा काही मला माहीत नव्हता.

मी म्हटलं, "लान्सिंगचा पत्ता नाहीये अजून."

"अजून," तो म्हणाला. "बरं." आणि त्यानं इथला लिहिला.

दोघांनी चेकच्या मागं सह्या केल्या. माझी सही नेहमीपेक्षा मोठी आली.

बाहेर ट्रकमध्ये तो किल्ली न फिरवता बसून राहिला. मग सांगितलं, पाकीट त्यानं सहा मार्चलाच पाहिलं होतं. टोस्टरमागं. त्यानं आतलं पत्र काढलंही नाही, बाहेर मापनशाळेचं नाव होतं तेवढं पुरलं. मग त्यानं लान्सिंगजवळच्या एका काउंटीच्या रस्तेखात्यात अर्ज केला. तासाला दीड डॉलर जास्त आहे. मुलाखत नऊ मेला. मिळेल की नाही माहीत नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"तू मला का नाही सांगितलंस?"

मी सीटचा पट्टा लावला.

"मला वाटलं, तू सांगशील," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज सांगेल. तू रोज १९ की २,४१२ ते सांगायचीस. मग मला वाटलं, ही वाटणी करतेय ती परताव्याची नाहीच. म्हटलं, टायर तरी बदलून ठेवू. जायचं असेल तर नीट जाईल. आणि तूही चल म्हणाली, तर आपलीही तयारी असावी."

"मी कुठं काय म्हणाले होते?"

"तेच ना."

मग त्यानं ट्रक सुरू केला.

त्याच दिवशी, नंतर

१२ फेब्रुवारीच्या नोंदीत 'तो एकच मला पाठ आहे' असं वाक्य आहे. ते चुकीचं आहे. त्यावर रेघ मारून सही केली आणि आजची तारीख टाकली.

वेसच्या खात्याचा नंबर मला पाठ आहे. दर महिन्याच्या एक तारखेला अर्धं भाडं मी त्यात पाठवते. डोळे मिटून लिहू शकते. फॉर्म भरताना तो मला आठवत होता.

मी तो का लिहिला नाही, हे आता तरी कळेल असं वाटलं होतं. पूर्ण कळलेलं नाही.

१६ एप्रिल, रविवार, ईस्टर

मार्लीनकडे. हॅम, बीट, वेलदोड्याचा पाव. वेस जेवण होताच सोफ्यावर झोपला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते.

मार्लीनना सगळं माहीत आहे. वेसनं सांगितलं की मेलव्हानं, ते विचारलं नाही. त्या हात पुसत म्हणाल्या, "तू राहा म्हणणार नाही मी. रेनोला मी राहा म्हटलं होतं, इथल्या खाणीच्या नोकरीतच राहिला, आणि तीस वर्षं मला त्याचं ऐकवत होता."

मग त्यांनी खुर्ची ओढली, वर चढल्या आणि फ्रीजवरचा लाल डबा खाली आणला. झाकण घट्ट बसलं होतं. चमच्याच्या टोकानं उघडलं. नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाल्या, मोज.

२१२ होते.

मी म्हटलं, पण नियम होता ना, दोघं हवीत.

"दोघंच आहोत की. कोण दोघं, ते ठरलं नव्हतं."

"वेस असताना का नाही उघडलात? तो तर रोज येतो."

"मुलांसमोर डबा उघडायचा नाही, हा दुसरा नियम." त्यांनी नोटा एप्रनच्या खिशात घातल्या. "चष्मा करायचाय. नऊ वर्षं याच काचांतून बघतेय. आणि तू मोजलेलं बरं. आडनाव वेगळं आहे, उद्या कुणी म्हणणार नाही की घरातल्या घरात मिटवलं."

डबा त्यांनी धुतला, पुसला आणि माझ्या कोटाशेजारी ठेवला. मी तो घ्यायचा आहे का, असं विचारलं.

"मग काय, कोटाशेजारी सजवायला ठेवलाय? पुलाखाली असले डबे मिळत नाहीत."

वेस दारात उभा होता. कधीपासून, ते माहीत नाही. त्यानं डब्याकडे पाहिलं, मग आईच्या खिशाकडे, आणि पाणी न पिताच परत सोफ्यावर गेला.

२८ एप्रिल, शुक्रवार

लान्सिंगला फोन करून होकार दिला. बारा जूनपासून. फोन स्वयंपाकघरातून केला, वेस समोर बसला होता. मी तसं सांगितलं होतं, बस म्हणून. बोलणं चार मिनिटांचं झालं. तो पूर्ण वेळ बटर लावत होता, एकाच तुकड्याला.

त्याची मुलाखत नऊ मेला आहे. ती जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर तो येत्या हिवाळ्यात इथे आणि मी तिथे, असं काही महिने होईल. त्यानं ते सरळ सांगितलं. मीही सरळ ऐकलं. ते मला नको आहे, असं मी मोठ्यानं म्हटलं. म्हणायला एकूण वेळ बराच लागला.

चेक जमा झाला आहे. त्यातले ४१२ डॉलर रोख काढले आणि लाल डब्यात टाकले. बाकीचे ३,४३४ दोघांच्या खात्यात आहेत. विभागणी केलेली नाही.

मग मी त्याला एक अडचण सांगितली. डबा मी घेऊन गेले तर तिथल्या स्वयंपाकघरात मी एकटी असेन. इथे ठेवला तर तो एकटा असेल. दोन्हीकडे झाकण उघडता येणार नाही.

वेसनं विचार केला. डबा उचलून माझ्या सामानाच्या पहिल्या खोक्यात, लोकरी मोज्यांच्या मध्ये ठेवला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "४१२ डॉलर आहेत. तेवढ्यासाठी तरी मला यावं लागेल."

त्याच्या ट्रकला चारशे मैलांना साधारण साठ डॉलरचं पेट्रोल लागतं. येऊन-जाऊन एकशेवीस. चार फेऱ्यांत डब्यातल्या पैशांपेक्षा जास्त होतात.

हे मी त्याला सांगितलं नाही.